डोळ्यांचा नंबर कागदावर आला नाही

अमळनेरला एका जुन्या वाचनालयाच्या माडीवर आम्ही दहा-बारा जण महिन्यातून दोन रविवार बसतो आणि एकच पुस्तक वाचून त्यावर बोलतो. या वेळी एका खऱ्या खटल्यावर बेतलेली ऐतिहासिक कादंबरी घेतली होती. न केलेल्या गुन्ह्यासाठी एका तरुण वकिलाला सात वर्षांची शिक्षा होते आणि ती पुसून काढण्यासाठी तो झगडतो, अशी कथा. पुस्तक संपलं त्या दिवशी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीनं मला विचारलं, "आप्पा, वाचणाऱ्याला इतकं ढळढळीत दिसतं, मग कोर्टाला का दिसलं नाही? सगळेच खोटे होते का?"

मी तेहतीस वर्षं जिल्ह्याच्या न्यायालयांत लघुलेखक होतो. साक्षीदार बोलणार, न्यायाधीश सांगणार, मी टाईप करणार. एवढी वर्षं त्या खुर्चीत काढूनही मला तिला दोन वाक्यांत उत्तर देता आलं नाही. घरी जाऊन लिहून काढलं, ते हे.

आधी खटला काय होता ते सांगतो, कारण त्याचं एक टोक आपल्या मुंबईत आहे. शापूरजी एदलजी हे मुंबईचे पारशी. ख्रिस्ती होऊन ते इंग्लंडला गेले आणि स्टॅफर्डशायरमधल्या ग्रेट वर्ली या खाणकामगारांच्या गावात चर्चचे पाद्री झाले. बायको इंग्रज. थोरला मुलगा जॉर्ज १८७६ साली जन्मला, शिकून सॉलिसिटर झाला आणि रोज आगगाडीनं बर्मिंगहॅमला कामाला जायचा. सरळमार्गी, अबोल, दारूविडीला न शिवणारा माणूस. साध्या प्रवाशाला रेल्वेचा कायदा कळावा म्हणून त्यानं १९०१ मध्ये एक छोटं पुस्तकही लिहिलं होतं.

१९०३ च्या फेब्रुवारीपासून त्या गावाभोवती कुणीतरी रात्री शेतांत शिरून घोडे, गाई, मेंढ्या यांची पोटं फाडू लागलं. सोबत निनावी पत्रं येऊ लागली आणि त्यांत जॉर्जचं नाव होतं. १८ ऑगस्टच्या सकाळी कोळसा खाणीजवळच्या शेतात एक तट्टू जखमी सापडलं. पोलीस थेट पाद्र्याच्या घरी गेले. जॉर्जचा ओलसर कोट, त्यावरचे डाग, वस्तरे, बूट, सगळं जप्त झालं. ऑक्टोबरमध्ये खटला उभा राहिला आणि सात वर्षांची शिक्षा झाली. तो आत असतानाही पत्रं येत राहिली, जनावरं कापली जात राहिली.

हजारो लोकांनी सह्या करून अर्ज केला. १९०६ च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे आपल्या खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले त्याच वर्षी, सरकारनं त्याला तीन वर्षांनी सोडलं. का सोडलं ते सांगितलं नाही. निर्दोष असं म्हटलं नाही. वकिलीची सनद गेली ती गेलीच. मग त्यानं आपली कागदपत्रं शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल यांना पाठवली.

डॉयल मूळचे डॉक्टर, आणि डोळ्यांचा अभ्यास केलेले. लंडनच्या एका हॉटेलात दोघांची भेट ठरली होती. डॉयलना यायला उशीर झाला आणि जॉर्ज पेपर वाचत बसला होता. पेपर अगदी डोळ्यांजवळ धरलेला, तोही थोडा तिरका. डॉयलना लांबूनच कळलं की या माणसाची दूरची नजर फार कमजोर आहे. पुढे नेत्रतज्ज्ञाकडून तपासून घेतलं तेव्हा नंबर निघाला उणे आठच्या घरातला, आणि त्याला जुळेल असा चष्माही मिळालेला नव्हता. हा माणूस पावसाळी, काळोख्या रात्री घरून निघाला, सुमारे अर्धा मैल शेतं तुडवत गेला, कुंपणं ओलांडली, रेल्वेचे रूळ ओलांडले, अंगावर धावून येऊ शकणाऱ्या जनावराला नेमकं पोटाखाली कापलं आणि पहारा देणाऱ्या पोलिसांच्या नजरेत न येता परत आला, असं सरकार पक्षाचं म्हणणं होतं.

हे वाचून झालं तेव्हा आमच्यातल्या चष्म्याच्या दुकानवाल्या भाऊंनी नंबर काढायची फ्रेम आणि अधिक आठची काच आणली. चांगल्या डोळ्याला ती काच लावली की उणे आठवाल्याला जेवढं धूसर दिसतं, साधारण तेवढंच दिसतं. दिवेलागणीला प्रश्न विचारणाऱ्या त्याच मुलीनं ती लावली आणि माडीचा जिना उतरायला निघाली. दुसऱ्या पायरीवर ती थांबली, कठडा चाचपू लागली. फाटकाशी कोण उभं आहे ते तिला सांगता येईना. तिथे तिचे स्वतःचे वडील उभे होते.

आता तिच्या प्रश्नाकडे येतो. मला या प्रकरणात सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट पुस्तकात चटकन निघून जाते. खटल्याच्या वेळी डोळ्यांच्या डॉक्टरांची साक्ष झालीच नव्हती. पुरावा इतका तकलादू आहे, हे प्रकरण टिकणारच नाही, असं बचावाला वाटत होतं. म्हणून ते एक साक्षपत्र आलं नाही. जॉर्जचे डोळे त्या दिवशी न्यायालयात सगळ्यांसमोर होते आणि तरी न्यायालयाच्या कागदावर नव्हते.

"कोर्टानं बघितलं" असं आपण बोलीत म्हणतो. कोर्ट डोळ्यांनी बघत नाही. ते कागद वाचतं. एखादी गोष्ट साक्षीत आली, पंचनाम्यात आली, मुद्देमाल म्हणून दाखल झाली आणि तिला निशाणी क्रमांक पडला, तरच ती आहे. गावाला माहीत असलेली, वकिलाला घरी सांगितलेली, आईनं तुरुंगाच्या दारात रडून सांगितलेली गोष्ट कायद्याच्या लेखी घडलेलीच नसते. यात लबाडी असायलाच हवी असं नाही. पद्धतच तशी आहे, आणि तिला कारण आहे. गावचावडीवरच्या बोलण्यावर माणसाला फासावर देता येऊ नये, यासाठीच ती आहे. पण तीच पद्धत निर्दोष माणसाच्या विरोधात गेली की तिच्यासारखा चिवट शत्रू नाही.

कागद कसा तयार होतो ते आतून सांगतो. गुन्ह्याची खबर लिहिली जाते. पोलीस घटनास्थळाचा पंचनामा करतात, साक्षीदारांचे जबाब नोंदवतात. पोलिसांपुढच्या त्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत, कारण कायदाच तसं सांगतो. मग दोषारोपपत्र, त्यानंतर सत्र न्यायालयात साक्षी: आधी सरकारी वकिलांची सरतपासणी, मग बचावाची उलटतपासणी. शेवटी न्यायाधीश आरोपीला विचारतात, तुझ्याविरुद्ध हे हे आलं आहे, तुला काय म्हणायचं? आम्ही त्याला अजूनही जुन्या कलमावरून 'तीनशे तेराचा जबाब' म्हणतो. २०२४ च्या १ जुलैपासून नवा कायदा आला आणि कलमांचे आकडे बदलले, काम तेच राहिलं.

या प्रत्येक टप्प्यावर बोललेलं लिहिलेल्यात बदलतं. खान्देशात हा बदल जरा जास्तच होतो, आणि हे मी अगदी मनापासून सांगतो, कारण माझ्या हातांनी तो झालेला आहे. एरंडोल-पारोळ्याकडचा साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून म्हणतो, "मी तठे व्हतू, पन काही देखं नही." तठे म्हणजे तिथे. तिथे म्हणजे गावात, की गल्लीत, की विहिरीपाशी? त्याच्या मनात होतं गावात. कागदावर येतं, "घटनेच्या वेळी मी घटनास्थळी हजर होतो. मी काही पाहिले नाही." झालं. दोन वर्षांनी वरच्या न्यायालयात तेच वाक्य वाचणाऱ्याला वाटणार, हा हजर होता आणि तरी लपवतो आहे. कुणी खोटं बोललं नाही, कुणी पैसे खाल्ले नाहीत, आणि 'तठे'चं घटनास्थळ झालं.

ही अहिराणीची गत. सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे, चोपडा-यावल-रावेरच्या पाड्यांवर पावरी आणि भिलीच्या वेगवेगळ्या बोली चालतात, आणि तिथला माणूस मराठीसुद्धा शिकून बोलतो. त्याचं बोलणं आधी हवालदाराच्या मराठीत उतरतं, मग न्यायालयाच्या मराठीत, आणि अपिलाच्या वेळी इंग्रजीत. आरोपीला कळेल अशा भाषेत पुरावा समजावून सांगितला पाहिजे, हे कायद्यात स्पष्ट आहे. दुभाषी देण्याची सोयही आहे. दुभाषी कोण मिळतो, त्या दिवशी मिळतो का आणि तो दोन मिनिटांच्या बोलण्याचं किती सांगतो, यावर मात्र पुष्कळ काही ठरतं.

कागदात खरी गोष्ट असूनही ती कुणी उघडली नाही, असंही होतं. जॉर्जच्याच काळात लंडनमध्ये अडॉल्फ बेक नावाच्या माणसाला बायकांना फसवल्याबद्दल १८९६ मध्ये सात वर्षांची शिक्षा झाली. तोच जुना भामटा जॉन स्मिथ, असं पोलीस म्हणाले. दहाएक बायकांनी त्याला ओळखलं. हस्ताक्षरतज्ज्ञानं अक्षर त्याचंच म्हटलं. पण तुरुंगाच्या दप्तरात जुन्या भामट्याच्या शरीराचं वर्णन होतं, त्यात सुंता झाल्याची नोंद होती, आणि बेकची सुंता झालेली नव्हती. १८९८ मध्ये ही गोष्ट इंग्लंडच्या गृह खात्याच्या ध्यानात आली. तरीही बेकला तेव्हा सोडलं नाही. तो १९०१ मध्ये बाहेर आला. १९०४ मध्ये त्याला पुन्हा तशाच आरोपात दोषी ठरवलं आणि त्यानंतर खरा भामटा सापडला, तेव्हा कुठे सुटका. बेकचं अक्षर ओळखणारा तो तज्ज्ञ टॉमस गरिन होता, आणि जॉर्जच्या खटल्यात निनावी पत्रांचं अक्षर जॉर्जचं आहे असं सांगणाराही तोच होता.

ओळख पटवणाऱ्या त्या बायका खोटं बोलत नव्हत्या, हे ध्यानात घ्या. माणसाची स्मरणशक्ती फोटोसारखी नसते. एकदा पोलिसांनी "हाच ना?" म्हणून कुणाकडे बोट दाखवलं की पुढच्या वेळी आठवणीतला चेहराच तो होऊन बसतो. म्हणून ओळख परेड लवकर घ्यायची असते, सारख्या दिसणाऱ्या माणसांत आरोपीला उभं करायचं असतं, आणि त्याआधी साक्षीदाराला आरोपी दिसता कामा नये. लॉकअपच्या आवारात चहाच्या टपरीवर साक्षीदार आणि आरोपी समोरासमोर आले की ती परेड कागदावर कितीही नीट असली तरी पोकळ झाली.

फ्रान्समधलं द्रेफसचं प्रकरण याहून गाजलं, त्यावर तर कितीतरी लिहिलं गेलं. ते इथे एकाच गोष्टीसाठी सांगतो. १८९४ मध्ये या ज्यू कॅप्टनला हेरगिरीसाठी दोषी ठरवताना लष्करी न्यायाधीशांना एक गुप्त फाईल देण्यात आली होती, जी त्याच्या वकिलाला दाखवलीच नव्हती. एदलजीच्या प्रकरणात कागद कमी पडला, इथे एक कागद जास्त होता. द्रेफसला पूर्ण निर्दोष ठरायला १९०६ साल उजाडलं, आणि मधे १८९९ मध्ये, खरा गुन्हेगार कोण ते उघड झालेलं असताना, दुसऱ्या लष्करी न्यायालयानं त्याला पुन्हा दोषी ठरवलं होतं.

"मग अपील का नाही केलं?" हा आमच्या गटातला पुढचा प्रश्न. याचं उत्तर ऐकून सगळे चकित झाले. १९०३ साली इंग्लंडमध्ये फौजदारी अपिलाचं न्यायालयच नव्हतं. कायद्याचा एखादा मुद्दा न्यायाधीशानं स्वतःहून राखून ठेवला तर वर जायचा, पण "मी गुन्हा केलेला नाही, पुरावा चुकीचा वाचला" असं म्हणून दाद मागायला दारच नव्हतं. उरायचा तो राजाच्या नावानं गृहमंत्र्याला दयेचा अर्ज. आणि त्याच वर्षी धुळ्याच्या सत्र न्यायालयानं शिक्षा दिलेला शेतकरी मुंबई उच्च न्यायालयात अपील करू शकत होता, ज्युरी नसलेल्या खटल्यात तर वस्तुस्थितीच्या मुद्द्यांवरही. १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेपासून हिंदुस्थानात अपिलाची सोय होती. राज्यकर्त्यांना आपल्या इथल्या न्यायाधीशांवर नजर ठेवायची होती म्हणून ही सोय आली असावी, असं माझं मत. पण आली हे खरं. बेक आणि एदलजी या दोन प्रकरणांनी झालेल्या गदारोळानंतर इंग्लंडनं १९०७ मध्ये फौजदारी अपिलाचा कायदा केला.

अपिलाचं दार असलं म्हणजे सगळं झालं, असंही नाही. हे आपल्याच शेजारच्या जिल्ह्यातल्या प्रकरणावरून सांगतो.

जामनेरहून अजिंठ्याचा घाट चढून गेलं की पलीकडे जालना जिल्ह्याचा भोकरदन तालुका लागतो. २००३ च्या जूनमध्ये तिथे शेतातल्या झोपडीवर दरोडा पडला, पाच जणांचे खून झाले, अत्याचार झाले. फार भयंकर घटना होती आणि लोकांचा संताप रास्त होता. भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना पकडलं. २००६ मध्ये सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयानं तिघांची फाशी कायम केली, तिघांची जन्मठेप केली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या तिघांनाही पुन्हा फाशी दिली. तीन पायऱ्या झाल्या, तिन्ही ठिकाणी दोषी. गुन्ह्याच्या वेळी त्यांच्यातला एक जण अल्पवयीन होता, हे निष्पन्न व्हायला २०१२ साल लागलं.

त्यानंतर घडलं ते फार क्वचित घडतं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आपला २००९ चा निकाल मागे घेतला आणि अपिलं नव्यानं ऐकली. ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष सुटले, सोळा वर्षांनी. निकालात काय निघालं? घटनेत वाचलेल्या महिलेनं अगदी सुरुवातीच्या दिवसांत पोलिसांकडच्या फोटोंमधून चार वेगळ्याच माणसांना ओळखलं होतं. तिचं तसं म्हणणं नोंदवलेलंही होतं. ते चार जण कोण, कुठे होते, याचा तपास झाला नाही आणि सरकार पक्षानं तो कागद पुढे आणला नाही. न्यायालयानं प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यायला सांगितले आणि चुकलेल्या अधिकाऱ्यांवर कारवाईचेही आदेश दिले.

बघा, कागद होता. पहिल्या आठवड्यातला होता. तीन न्यायालयांच्या नजरेखालून सगळं प्रकरण गेलं आणि तो कागद काही पुढे आला नाही. अपिलात साक्षीदार पुन्हा येत नाहीत. पेपरबुक येतं: खालच्या न्यायालयातली सगळी कागदपत्रं शिवून बांधलेला गठ्ठा. जळगाव, धुळे, नंदुरबारचे गठ्ठे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे जातात. वरच्या न्यायाधीशाला ना साक्षीदाराचा चेहरा दिसतो, ना आरोपीची नजर. जादा पुरावा घेण्याचा अधिकार अपील न्यायालयाला आहे, पण तो अपवाद म्हणून वापरतात. म्हणून मी त्या मुलीला सांगितलं, बेटा, तू वकील झालीस की लक्षात ठेव, सुप्रीम कोर्टातली लढाई तालुक्याच्या ठाण्यात, पहिल्या आठवड्यातच निम्मी ठरलेली असते. उलटतपासणीत जो प्रश्न विचारायचा राहिला, तो पुढे कुणालाच विचारता येत नाही.

आणखी एक धागा या प्रकरणांतून जातो, आणि खान्देशच्या माणसानं तो टाळून पुढे जाऊ नये. पोलीस पाद्र्याच्याच घरी का गेले? द्रेफसवरच संशय का आला? भोकरदनच्या प्रकरणात भटक्या जमातीचेच मजूर का? संशय आधी येतो, पुरावा त्याच्या मागून चालत येतो. इंग्रज सरकारनं तर १८७१ मध्ये हा संशयच कायदा करून टाकला. गुन्हेगार जमाती कायदा. काही जमातींत जन्मलेला प्रत्येक माणूस गुन्हेगारच, असं धरून हजेरी, पास, वसाहती. १९११ च्या कायद्यानं तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ ला तो रद्द झाला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन. कायदा गेला. चोरी झाली की आधी कुठल्या पालावर गाडी जाते, ते आपल्या गावात प्रत्येकाला माहीत आहे. कादंबरीतला जॉर्ज मात्र म्हणत राहतो की माझ्या रंगाचा नि वंशाचा यात काही संबंध नाही. ते वाचताना माझ्या पोटात कालवलं. ज्या देशाच्या कायद्यावर त्याची श्रद्धा होती, तो आपल्याला परका समजतो हे मान्य करणं त्याला तुरुंगापेक्षा जड गेलं असेल.

सुटल्यावर काय मिळतं, याचं उत्तर थोडक्यात देतो, कारण ते थोडकंच आहे. १९०७ मध्ये इंग्लंडच्या सरकारनं तिघांची समिती नेमली. जनावर कापल्याचा दोष टिकत नाही, असं ती म्हणाली. पण निनावी पत्रं यानंच लिहिली असावीत, म्हणजे हे संकट थोडंफार यानं स्वतःच ओढवून घेतलं, असंही म्हणाली. म्हणून माफी दिली, भरपाई नाही. न केलेल्या गुन्ह्याची माफी! वकिलांच्या संस्थेनं मात्र त्याचं नाव परत पटावर घेतलं आणि तो पुढे लंडनमध्ये वकिली करत राहिला. १९५३ मध्ये वारला. बेकला पाच हजार पौंड मिळाले होते. आपल्याकडे बिहारमधल्या एका माणसाला १९६८ मध्ये निर्दोष ठरूनही १९८२ पर्यंत तुरुंगातच ठेवलं होतं. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला भरपाई दिली, पस्तीस हजार रुपये. मूलभूत हक्क मोडला तर न्यायालय पैशाच्या रूपानं दाद देऊ शकतं, ही वाट त्या निकालानं उघडली. २०१८ मध्ये विधी आयोगानं २७७ व्या अहवालात सुचवलं की चुकीच्या खटल्यात भरडलेल्यांसाठी खास न्यायालयं आणि कायद्यानं ठरलेली भरपाई हवी. तसा स्वतंत्र कायदा अजून नाही. भरपाई मिळते ती न्यायालयाला वाटलं तर, तेव्हा, तेवढी.

मग अशी कादंबरी वाचायची कशी? मी तीन रंगांच्या पेन्सिली घेऊन वाचतो. निकालात, साक्षीत, वर्तमानपत्रात आलेलं आहे त्याला निळी खूण. त्या वेळी माणसांना माहीत होतं पण कागदावर आलं नाही, जसे जॉर्जचे डोळे, त्याला लाल. आणि लेखकानं कल्पनेनं भरलेलं, म्हणजे बापलेकांमधलं रात्रीचं बोलणं, कोठडीतली स्वप्नं, त्याला हिरवी. हिरव्याला कमी लेखू नका. माणूस पिंजऱ्यात गप्प का बसला, हे फक्त हिरव्यातच सापडतं. पण लाल खुणा जिथे दाट होतात, तिथे अन्याय कसा घडला ते कळतं. आमच्या गटातल्या सहा प्रती अशा रंगवलेल्या आहेत, कुणाला हव्या असतील तर वाचनालयात मागाव्यात.

शेवटी कामाचं, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी घरी हा प्रसंग येऊ शकतो. अटक झालेल्या माणसाला चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ वगळून, दंडाधिकाऱ्यांपुढे उभं केलंच पाहिजे. अटकेचं कारण सांगितलंच पाहिजे. वकील मिळणं हा त्याचा हक्क आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोठडीतल्या माणसाला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, स्त्रियांना आणि मुलांना फुकट वकील मिळतो, उत्पन्न न विचारता. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच त्याचं कार्यालय असतं. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा होत नाही. त्यातून एखादी वस्तू हुडकून काढली असेल तर फक्त तेवढा भाग चालतो, आणि म्हणूनच मेमोरँडम पंचनाम्याचे, म्हणजे आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू काढल्याच्या नोंदीचे, पंच कोण होते ते नीट बघायचं. तेच ते दोन पंच पाच पाच प्रकरणांत दिसले तर वकिलाला सांगायचं.

फुकटचा वकील म्हणजे नावापुरता वकील नव्हे, हेही सर्वोच्च न्यायालयानं बजावलं आहे. बऱ्हाणपूरच्या पुढे खांडव्यातला २०१३ चा एक खटला होता. फाशीसारखी शिक्षा, आणि ज्या दिवशी वकील नेमला त्याच दिवशी आरोप ठेवले, महिन्याभरात निकाल. २०१९ मध्ये ती शिक्षा रद्द झाली आणि अशा प्रकरणांत नेमलेल्या वकिलाला तयारीला किमान सात दिवस तरी द्यावेत, असं ठरलं. फेरखटल्यात तो माणूस २०२४ मध्ये निर्दोष सुटला. सात दिवस न दिल्याची अकरा वर्षं झाली.

घरच्यांनी करायचं ते साधं आहे आणि ते त्याच आठवड्यात करायचं. त्या रात्री माणूस कुठे होता, कुणाबरोबर होता, एसटीचं तिकीट, दवाखान्याची चिठ्ठी, डोळ्यांचा नंबर, शाळेचा दाखला, वयाचा पुरावा, सगळं गोळा करून वकिलाच्या हातात द्यायचं आणि "हे दाखल झालं का?" असं दर तारखेला विचारायचं. साक्षीदारानं बोली भाषेत काय म्हटलं ते त्याच शब्दांत नोंदवून घ्या, असा आग्रह वकिलाला धरायला सांगायचं. त्याला तसं मागता येतं.

एक साक्ष मला अजून आठवते. कुठल्या न्यायालयात ते सांगत नाही. सातपुड्यातली एक म्हातारी पिंजऱ्यात होती. दुभाष्यानं तिला विचारलं, आरोपीला ओळखतेस का? ती बराच वेळ हातवारे करत बोलली. दुभाषी म्हणाला, "हो म्हणते, साहेब." मी टाईप केलं: होय. न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली. म्हणाले, "ती एवढं बोलली आणि तुम्ही एवढंच सांगता? एकेक वाक्य विचारा, एकेक वाक्य सांगा." अर्धा तास गेला. मागच्या बाकांवरचे वकील घड्याळाकडे बघत होते. आधीचं 'होय' तसंच राहिलं, साहेबांनी त्यापुढे लिहायला सांगितलं, आणि मी लिहिलं:

"होय. आरोपी आमच्या बाजारात मीठ विकायला येतो म्हणून मी त्याला ओळखते. त्या रात्री मी त्याला पाहिले नाही. मी फक्त कंदील पाहिला."